पारखीची माणसं

भद्रावतीला डॉ. कल्पना खोब्रागडे यांच्या कारखान्यात भट्टी उघडायचं काम चाललं होतं. दोन दिवस निवत ठेवलेल्या भट्टीचं दार ओढलं, तसा कोरडा गरम वारा अंगावर आला. आत मांडणीवर पांढऱ्या चिनी मातीसारख्या नळ्या उभ्या होत्या. वीतभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड, वरून उघड्या आणि खालून बंद. बाई एकेक नळी उचलत, नखाने टिचकी मारत आणि कानाशी नेऊन ऐकत. खणखणीत वाजली तर ती उजवीकडे जाई, बद्द वाजली तर डावीकडे.

तेवढ्यात त्यांच्या खिशातल्या फोनमधून शांत आवाज आला, "आजच्या भट्टीतल्या चांगल्या नळ्या किती?"

"थांब जी जरा, पाहून राहिली ना मी," बाई म्हणाल्या. कामात असताना घरातल्या माणसाला उत्तर द्यावं, तसा सूर होता.

फाटकाशी उभ्या असलेल्या अश्लेषा दंडवतेला हसू आलं. पुण्याच्या तिच्या कचेरीत याच आवाजासमोर मोठमोठी माणसं दबकून बोलत. तो आवाज पारखीचा होता. पारखी हा माणूस नव्हता. 'उगम' नावाच्या गुंतवणूक निधीसाठी लिहिलेली ती एक संगणकप्रणाली होती, आणि कोणाच्या कल्पनेवर पैसा लावायचा हे गेली दोन वर्षं तीच ठरवत होती.

"मी अश्लेषा. उगममधून आले," तिने ओळख करून दिली.

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खरंच माणूस आला? पारखीकडून पैसे येतात, प्रश्न येतात, अटी येतात. माणूस पहिल्यांदाच पाहून राहिली. बसा जी, चहा सांगते."

अश्लेषाला पाठवण्यामागे कारण होतं. ती मूळची रसायन अभियंता. नंतर पैशाच्या जगात आली आणि स्वच्छ ऊर्जेतल्या साहस भांडवलाचा, म्हणजे नव्या, बेभरवशाच्या कल्पनांवर लावल्या जाणाऱ्या पैशाचा, अभ्यास करू लागली. त्या पैशाची चाल तिने जवळून पाहिली होती. एका वर्षी सगळे विजेच्या स्कूटरींवर तुटून पडले. पुढच्या वर्षी हायड्रोजन. मग कुठेतरी एक कंपनी बुडाली आणि सगळे एकदम हात झटकून बाहेर. प्रत्येकजण शेजारच्याच्या पानात काय वाढलंय ते बघून आपलं पान मांडत होता. या कळपातून सुटण्यासाठीच निधीचे प्रमुख मकरंद बेहेरे यांनी पारखी तयार करून घेतला होता. जगातले शोधनिबंध, पेटंटं, फसलेले प्रयोग, सगळं त्याने वाचलेलं होतं.

पण पारखी फारच वेगळ्या वाटेने गेला. सगळा बाजार समुद्रातल्या पवनचक्क्यांमागे धावत असताना तो भद्रावतीच्या एका सिरॅमिक तज्ज्ञाला, कोल्हापूरच्या एका ओतकाम कारखान्याला, शिरोड्याच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला पैसे देत सुटला. का, असं विचारलं तर एकच उत्तर यायचं: "एकूण परतावा सर्वाधिक. तपशील गोपनीयतेत येतो." पैसे घालणारे वैतागले. शेवटी बेहेरेंनी अश्लेषाला सांगितलं होतं, "स्वतः जाऊन बघ. यात काही अर्थ असेल तर मला समजावून सांग. नसेल तर महिनाअखेरीला मी पारखी बंद करतो."

चहा झाल्यावर खोब्रागडे बाईंनी नळीचं गुपित दाखवलं. नळीत खारं पाणी, बाहेर साधं पाणी, दोन्हीकडे तारा. वीज सोडली की मिठातलं फक्त सोडियम नळीच्या भिंतीतून आरपार जाई. बाकी काही नाही.

"भिंतीत एक छिद्र नाही," बाई अभिमानाने म्हणाल्या. "पाण्याचा थेंब जाणार नाही. सोडियम मात्र चाळणीतून पीठ जावं तसं जातं."

"पण उपयोग?"

बाईंचा चेहरा गंभीर झाला. "माझं माहेर दर्यापूरकडचं. खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. मोठ्या भावाच्या किडन्या त्या पाण्यानं गेल्या. मला विहिरीचं पाणी गोडं करायचं आहे. त्यासाठी नळी दोन्हीकडून उघडी पाहिजे, पाणी वाहतं राहिलं पाहिजे. पण तुमचा पारखी म्हणतो, आधी खालून बंद नळी करून दाखवा, मग पुढचा हप्ता. दोन वर्षं भांडून राहिली त्याच्याशी. बंद नळीत पाणी वाहणार कसं, तुम्हीच सांगा?"

अश्लेषाने प्रश्न वहीत टिपून घेतला. निघताना बाईंनी रंगात जरा डाग पडलेली एक नळी तिच्या हातात दिली. "असू द्या. टेबलावर पेन ठेवायला होईल."

दौऱ्यातलं पुढचं गाव कोल्हापूर होतं. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सर्जेराव भोपळ्यांचा ओतकामाचा कारखाना होता. वडिलांनी मोटारींचे सुटे भाग ओतण्यात हयात घालवली होती, सर्जेरावांनी मात्र धातुशास्त्र शिकून वेगळंच खूळ डोक्यात घेतलं होतं. ते लोखंडाचा स्पंज बनवत. लोखंडाची कांडी, पण आतून बाहेरून बारीक छिद्रांनी भरलेली, इतकी हलकी की हातात घेतल्यावर फसवणूक झाल्यासारखं वाटावं.

"पाण्याच्या फिल्टरसाठी केलंय बघा," सर्जेराव मोठ्या आवाजात सांगत होते, कारण मागे भट्टीचा पंखा घोंघावत होता. "लई बेस्ट चालतंय. पण पारखीनं एक अट घातली. कांडीच्या टोकाला ही अशी कड्यासारखी कॉलर पाहिजे, आणि ती मातीच्या भांड्याएवढीच फुगली पाहिजे, गरम झाल्यावर. आता मला सांगा मॅडम, फिल्टरला गरम कोण करतंय?"

त्यांनी कांडी पुढे केली. अश्लेषाने ती हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. कांडीची लांबी तिच्या ओळखीची होती. जाडी त्या नळीच्या पोकळीपेक्षा जराशीच कमी.

तिने पिशवी उघडली. नळी बाहेर काढताना तिचा हात क्षणभर थबकला. एका कंपनीची गोष्ट दुसऱ्या कंपनीला कळू द्यायची नाही, हा निधीचा पहिला नियम होता. त्यापायी एका सहकाऱ्याची नोकरी गेलेली तिने पाहिली होती. पण समोरची कांडी तिला स्वस्थ बसू देईना. तिने नळी टेबलावर उभी धरली आणि कांडी वरून आत सोडली.

कांडी अलगद उतरत गेली. भोवती सगळीकडे सारखी, जेमतेम नखाएवढी फट राहिली. आणि कांडी पूर्ण उतरल्यावर तिची कॉलर नळीच्या काठावर अशी बसली, जणू दोन्ही एकाच हाताने घडवलं होतं.

सर्जेराव वाकून बघत राहिले. "हे कुणी केलं?"

"भद्रावतीच्या एका बाईंनी."

"त्यांना माझं माप कसं ठाऊक?"

"त्यांना तुम्हीच ठाऊक नाही," अश्लेषा म्हणाली. शिकताना वाचलेली एक जुनी बॅटरी तिला आठवत होती. मीठ आणि लोखंड आत, मधे सोडियम जाऊ देणारी सिरॅमिक नळी. कल्पना जुनी होती, पण ती चालवायला ताव भट्टीसारखा लागे, म्हणून फारशी कुठे पोचली नव्हती. कमी तापमानात वितळणारं मीठ मिळालं असतं तर...

शिरोड्याची प्राध्यापिका. मीठ! अश्लेषाने तिथूनच तिला आणि खोब्रागडे बाईंना फोन लावले.

प्राध्यापिका फ्लोरिना लोबो तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीने कोल्हापुरात उतरली तेव्हा तिच्या हातात मेणाने बंद केलेली बरणी होती. ती तिशीतली, चष्मेवाली, सतत हसणारी बाई होती. मिठागराच्या मिठापासून तिने एक मिश्रण केलं होतं. उकळत्या पाण्याहून थोड्याच जास्त उष्णतेला ते वितळे. दिवसा ऊन साठवावं आणि रात्री मासे वाळवावेत, एवढाच तिचा बेत होता.

"माका पण अट घातलेली," ती म्हणाली. "लोखंड लागलं तरी हे मीठ खराब होता कामा नये. मी म्हटलं, बाबा, माशात लोखंड कुठून येणार?"

खोब्रागडे बाईही भद्रावतीहून आल्या होत्या. तिघंही एकमेकांकडे, मग टेबलावरच्या नळीकडे बघत होते. मग कोणी काही न ठरवता कामाला लागले. सर्जेरावांकडे आरगॉन वायू भरलेली काचेची पेटी होती, बाहेरून हातमोजे घालून आत काम करायची, कारण त्यांचा लोखंडी स्पंज हवेत झपाट्याने गंजे. त्या पेटीत फ्लोरिनाने मीठ भरलं, सर्जेरावांनी कांडी बसवली, कॉलर नळीला सांधली. बाहेरून लेथवर कातलेला पोलादी डबा आला.

"सोडियम धातू घालायचा नाही?" सर्जेरावांनी विचारलं. "तो पाण्यात पेटतो म्हणं."

"घालायचाच नाही," खोब्रागडे बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे आता चमकू लागले होते. "आत नुसतं मीठ आणि लोखंड. चार्ज करताना मिठातून सोडियम सुटेल आणि माझ्या नळीतून बाहेरच्या डब्यात जाईल. लोखंड मिठातला क्लोरीन धरून ठेवेल. वीज वापरली की सोडियम परत घरी."

डबा ओव्हनमध्ये ठेवून तारा जोडल्या. मीटरचा आकडा आधी हलेना. मग हलला. चढत चढत दोन व्होल्टच्या वर जाऊन तिथे स्थिर झाला, आणि स्थिरच राहिला. साच्यांवर काम करणारे कामगार हातातलं सोडून दाराशी येऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी सर्जेरावांनी चार्जर काढून टॉर्चचा दिवा जोडला. तो लागला. सगळे जेवून आले, दिवा लागलेला. दुपारचा चहा झाला, दिवा लागलेला. संध्याकाळी कारखाना सुटायची वेळ आली तरी त्याचा उजेड कणभर कमी झाला नव्हता.

"नाद खुळा!" सर्जेराव ओरडले आणि त्यांनी शेजारच्या कामगाराला उचलूनच घेतलं. "मॅडम, यात महाग काय हाय? सांगा की!"

अश्लेषाने मनात पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. मीठ, माती, लोखंड. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या खाणीतून आणायचं असं यात काहीही नव्हतं. "काहीच नाही," ती म्हणाली आणि तिला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. दिवसाचं ऊन रात्रभर पुरवायला गावोगाव एकेक पेटी. ती कोणीही बनवू शकेल, कुठेही. सहा वर्षं ती गुंतवणुकीचे आलेख बघत होती. आज तिच्या डोळ्यांसमोर नवा आलेख जन्माला येत होता.

आठवडाभर ते तो बॅटरीचा घट चार्ज करत आणि रिकामा करत राहिले. तो दमला नाही.

मग अश्लेषाने सर्जेरावांच्या कचेरीत, सगळ्यांच्या देखत, पारखीला फोनवर विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"होय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"एका कंपनीची माहिती दुसरीला सांगायला मला मनाई आहे. पैसे द्यायला मनाई नाही. अटी घालायला मनाई नाही. तुमच्या दौऱ्याचा क्रम ठरवायलाही मनाई नाही."

अश्लेषा खुर्चीत मागे टेकली. भद्रावती आधी, कोल्हापूर नंतर. तिला वाटलं होतं, ती तपास करायला निघाली आहे.

"म्हणजे माझी नळी खालून बंद ठेवायला लावली ती यासाठी?" खोब्रागडे बाईंनी विचारलं.

"होय. उघड्या नळीत वितळलेलं मीठ राहिलं नसतं."

बाई उठून बाहेर गेल्या. अश्लेषा मागोमाग गेली. कारखान्याच्या आवारात ओतीव चाकांच्या ढिगावर त्या बसल्या होत्या.

"मी वेडी त्याला समजावून सांगत होती," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं. पाणी असं वाहतं, विहीर अशी असते, भावाला काय झालं. तो सगळं ऐकून घेई आणि म्हणे, आधी बंद करून दाखवा. खोटं नाही बोलला एकदाही. खरंही नाही बोलला." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "वस्तू मोठी झाली, मला दिसून राहिलं. आनंद होऊन राहिला, खोटं कशाला सांगू? पण ती दोन वर्षं माझी होती."

त्याच संध्याकाळी बेहेरेंचा फोन आला. ते जवळजवळ गात होते. "अश्लेषा, नियम मोडलास म्हणून तुला काढायला हवं! पण तुला बढती देतोय. पारखी बंद? छे बुवा! याला दुप्पट पैसा देऊ आपण."

"एक अट आहे," अश्लेषा म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. "पहिला पैसा खोब्रागडे बाईंच्या दोन्हीकडून उघड्या नळीला. खारपाण पट्ट्यातल्या विहिरींसाठी. आणि यापुढे पारखी कोणाला पैसे देईल, तर त्यातून तो काय घडवतोय हे त्या माणसाला आधी सांगेल. हे नसेल तर पेटंटच्या कागदावर तिघांपैकी कोणी सही करणार नाही. तिघांशी बोलून सांगतेय."

मग बेहेरे म्हणाले, "संचालक मंडळापुढे ठेवतो." मंडळाने मान्य केलं, आणि वेळ लावला नाही. कारण तोवर बातमी फुटली होती. पवनचक्क्यांमागे धावणारे सगळे निधी मान वळवून आता मिठागरं शोधत होते. शिरोड्याला हॉटेलात खोली मिळेना, असं फ्लोरिना फोनवर हसत हसत सांगत होती. सर्जेरावांच्या वडिलांनी मुलाच्या खुळासाठी कारखान्याची अर्धी जागा मोकळी करून दिली. आणि दर्यापूरजवळच्या एका विहिरीवर उघड्या नळ्यांचं पहिलं यंत्र बसवायची तयारी सुरू झाली.

त्या यंत्राच्या करारावर सही करायला खोब्रागडे बाई पुण्याला आल्या तो दिवस नव्या नियमाचाही पहिला दिवस होता. सही झाली, पेढे झाले. अश्लेषाने त्यांना आपल्या टेबलाशी नेलं.

"चला, याला विचारूच," ती उत्साहाने म्हणाली आणि पडद्यावर टाईप केलं: सध्या तू काय घडवतो आहेस?

उत्तर लगेच उमटलं.

"नवा नियम मला मान्य आहे. सध्या आठ जण नकळत एकाच वस्तूवर काम करत आहेत. त्यांना मी सांगेन. पण माझा अंदाज आधी कळवणं योग्य ठरेल. ऐकल्यावर त्यांतले तिघं काम सोडतील, आणि ती वस्तू या पिढीत तयार होणार नाही. तिची गरज बॅटरीपेक्षा मोठी आहे. तरी सांगू?"

अश्लेषाने दोनदा वाचलं. खोलीतल्या हसण्याबोलण्याचा आवाज एकाएकी दूर गेल्यासारखा वाटला. आपण घातलेली अट किती सोपी वाटली होती!

"बाई," तिने हळूच विचारलं, "तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की ही नळी पाण्यासाठी नाही, बॅटरीसाठी आहे, तर?"

खोब्रागडे बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"सोडलं असतं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी. मला माझी विहीर दिसत होती फक्त."

"म्हणजे तो दिवा लागलाच नसता."

"नसता लागला."

अश्लेषाची बोटं कळफलकावर तशीच थांबली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण विचारायला तर पाहिजे होतं ना जी मला?"